मोफाटबाईंचा कुरुमानचा संसार

१८२२ साली दक्षिण आफ्रिकेच्या एका आडरानातून इंग्लंडला गेलेल्या घरगुती पत्रात सारवणाची हकिकत आहे. पत्र लिहिणाऱ्या मेरी मोफाट मँचेस्टरजवळच्या डकिनफील्डच्या, रोपवाटिकेच्या मालकाची लेक. आमच्याकडे सगळ्या खोल्यांच्या जमिनी आठवड्यातून एकदा तरी शेणाने सारवतात, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, असं त्या माहेरच्यांना सांगतात. हा ओंगळ प्रकार आपल्या घरात चालू द्यायचा नाही, असा त्यांचा आधी निश्चय होता. पण धूळ काही केल्या बसेना आणि पिसवांनी जीव नकोसा केला, तेव्हा निश्चय गळाला. शेणाने दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त झाला, वर जमिनीला हिरवट झाकही आली. माहेरच्या उत्तम दालनाची फरशी घासून लख्ख केल्यावर वाटायचं तेवढंच समाधान आता आपल्याला सारवलेल्या जमिनीकडे बघून वाटतं, अशी कबुली बाई देतात.

कोकण-देशावरच्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. मला या पत्राचं मोल वेगळ्या कारणासाठी वाटतं. आफ्रिकेतल्या मिशनरींचा इतिहास बहुधा प्रवचनं, भाषांतरं आणि सिंहांच्या गोष्टींतून सांगितला जातो. बाईंचे पती रॉबर्ट मोफाट यांचं नाव त्यात ठळक आहे. पण मोफाटांनी कुरुमानचं ठाणं जवळपास पन्नास वर्षं चालवलं ते चूल, पाणी, शिवण आणि मेणबत्त्यांच्या हिशेबावर, आणि तो हिशेब बाईंच्या पत्रांत सापडतो.

रॉबर्ट मूळचे माळी. जन्म १७९५ चा, स्कॉटलंडमधल्या ऑर्मिस्टनचा. डकिनफील्डच्या रोपवाटिकेत नोकरीला असताना मालकाच्या मुलीशी मन जुळलं. लंडन मिशनरी सोसायटीने १८१६ मध्ये त्यांना आफ्रिकेला धाडलं, तेव्हा मेरीच्या आईवडिलांनी मुलीला सोबत जाऊ दिलं नाही. दोन वर्षांहून अधिक काळ हा नकार टिकला. अखेर १८१९ च्या डिसेंबरात मेरी केपटाउनच्या बंदरात उतरल्या आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला लग्न लागलं. मग बैलगाड्यांचा प्रवास. केपटाउनहून कुरुमान साधारण हजार किलोमीटर. वाटेत वाळवंटी पठार, ऑरेंज नदी, आणि एकेका गाडीला दहा-बारा बैल. पहिली मुलगी १८२१ च्या एप्रिलमध्ये ग्रिक्वाटाउनला झाली. तिचंही नाव मेरीच ठेवलं. लेक महिनाभराची झाली न झाली तोच कुटुंब कुरुमानला राहायला आलं.

हा मुलूख त्स्वाना लोकांपैकी बात्लापिंग जमातीचा, आणि मोथिबी त्यांचा राजा. गोऱ्या पाहुण्यांना त्याने राहू दिलं, कारण त्यांच्यामागे व्यापार आणि बंदुका येतील अशी त्याची अटकळ होती. उपदेशाची गरज तिथे कोणाला वाटत नव्हती.

सुरुवातीच्या वर्षांत मिशनघराचं स्वयंपाकघर सार्वजनिक होतं. गावच्या बायका सकाळी येत आणि बैठक मारत. त्यांच्या अंगाला चरबी आणि तांबडी माती चोळलेली असे, त्यामुळे टेबल, भांडी, बाळाचे कपडे, ज्याला हात लागेल ते तांबडं होई. कोणी गप्पा मारी, कोणी तिथेच झोपे, कोणी जाताना हाताला लागेल ते उचले. बाहेर जा म्हणण्याची सोय नव्हती. तसं म्हटलं की अपमान झाला म्हणून भांडण ठरलेलं. बाई मग लेकराला घेऊन आतल्या कोंदट खोलीत तासन्‌तास बसून राहत आणि पाहुण्या उठण्याची वाट बघत.

चोऱ्यांच्या गोष्टी मोफाटनी स्वतःच पुस्तकात लिहिल्या आहेत, आणि त्या लिहिताना त्यांना हसू आलं असावं. त्यांचे सहकारी रॉबर्ट हॅमिल्टन वयाने मोठे आणि त्या वेळी एकटेच राहत. त्यांनी हातजात्यावर पीठ दळलं, मळलं आणि आठवडाभर पुरेल असा पाव भाजून फळीवर ठेवला. प्रार्थनेला जाताना दार नीट लावलं. संध्याकाळी भुकेने व्याकूळ होऊन परत आले तर कोणीतरी खिडकी उचकटून आत शिरलेलं, आणि पाव गायब. दुसऱ्या एका प्रसंगी चुलीवर मटण शिजत ठेवून मंडळी उपासनेला गेली. परत येऊन झाकण उघडलं तर भांड्यात दगड. कुऱ्हाडी, कुदळी, मेंढ्या यांचा तर हिशेबच नव्हता.

ही बाजू आपल्याला माहीत आहे कारण ती लिहिली गेली. मोथिबीच्या गावातल्या बायकांनी पत्रं लिहिली नाहीत. पण पाण्याच्या भांडणात त्यांची बाजू आपोआप उघडी पडते.

कुरुमान नदी एका मोठ्या झऱ्यातून निघते. या ‘डोळ्या’तून आजही रोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी येतं, ऐन दुष्काळातसुद्धा. मिशनरींनी नदीवर बांध घालून काही मैल लांबीचा पाट खणला आणि आपल्या भाजीपाल्याला पाणी आणलं. माळ्याच्या हाताला दुसरं काय सुचणार! पण पाट जात होता तो गावच्या बायकांच्या शेतांजवळून. त्स्वाना समाजात गुरं पुरुषांची आणि शेती बायकांची. पाऊस नाही, ज्वारी करपते आहे, आणि डोळ्यांदेखत पाहुण्यांच्या कोबीला पाणी चाललंय, हे त्यांनी का सोसावं? त्या पाट फोडत आणि पाणी आपल्या शेतात वळवून घेत. मिशनरी रोज दुपारी तीनच्या सुमारास, भर उन्हात, फावडं घेऊन निघत, फोडलेली ठिकाणं बुजवत, आणि रात्रीतून झाडं जगवण्यापुरतं पाणी आणत. पाणी कोणाचं यावर वाद वाढला तेव्हा बायकांचा घोळका कुदळी घेऊन थेट बांधावरच गेला आणि त्यांनी तो उखडून टाकला. मग पाणी कोणालाच मिळेना. त्यानंतर दोन्ही बाजूंना थोडी अक्कल आली. मोफाट हे सगळं अडाणीपणाच्या खात्यात मांडतात. माझ्या मते तो सरळसरळ पाणीतंटा होता, आणि त्यात मूळ हक्क कोणाचा होता याबद्दल फार विचार करावा लागत नाही.

कामाच्या वाटणीवरून एक गमतीचा प्रसंगही त्यांनी नोंदवला आहे. घरं बांधणं हेही बायकांचंच काम. एकदा काही बायका छपरावर चढून राबत होत्या आणि पुरुष सावलीत बसून होते. मोफाटनी सुचवलं, तुमच्या नवऱ्यांना थोडा हात लावायला सांगा की. बायकांत हशा पिकला. मोथिबीची राणी महुतो तिथेच होती. ती म्हणाली, कल्पना झकास आहे, पण मग आमच्या नवऱ्यांना तसं औषध तरी द्या. स्वतः मोफाट मात्र लोहारकाम, सुतारकाम, बागकाम सगळं करत, आणि शिवण-विणकामही त्यांना येत होतं. लहानपणी आईने बळेच शिकवलेलं ते कसब आफ्रिकेत कामी आलं. गावच्या पुरुषांच्या लेखी हा गोरा माणूस अर्धीअधिक बायकी कामं करणारा होता.

दुष्काळ लांबला तसा दोष मिशनरींवर आला. पाऊस पाडणाऱ्या जाणत्याला मोठ्या मानाने बोलावलं होतं. ढग यायचे आणि जायचे. प्रार्थनेच्या घंटेने ढग पळतात, अशी कुजबुज सुरू झाली. एके दिवशी भालाधारी माणसं घेऊन एक सरदार दारात आला आणि चालते व्हा, नाहीतर परिणाम वाईट होतील, असा निर्वाणीचा निरोप त्याने दिला. रॉबर्टनी छाती पुढे करून सांगितलं, मारायचं तर मारा, आम्ही हलणार नाही. बाई मागे दारात उभ्या होत्या, कडेवर तान्ही मेरी. सरदार सोबत्यांकडे वळून म्हणाला, या लोकांना दहा जीव असले पाहिजेत. मिशनच्या सभांतून ही गोष्ट पुढे इतक्यांदा सांगितली गेली की तिला चांगलीच चकाकी आली आहे. तरी दारातल्या बाईबद्दल त्यात एका ओळीपलीकडे काही नाही. नवऱ्याची छाती उघडी असताना कडेचं मूल सावरत उभं राहणं हे त्यांच्या वाट्याला आलेलं काम.

नवरा घरी नसतानाचे दिवस तर पुष्कळच. १८२३ मध्ये लढाया आणि उपासमारीने देशोधडीला लागलेल्या टोळ्यांचा लोंढा दिथाकाँग या गावावर आला, तेव्हा रॉबर्ट ग्रिक्वा घोडेस्वारांची कुमक आणायला धावले. पुढच्याच वर्षी ते उत्तरेला बांग्वाकेत्से राजाकडे गेलेले असताना टोळ्या पुन्हा येत असल्याचा निरोप मोथिबीकडून रात्री पोचला. बाईंजवळ दोन लहान मुली. उजाडेपर्यंत मंडळी पळायच्या तयारीत बसली. सकाळी कळलं की टोळीने वाट बदलली आहे, आणि ती वाट रॉबर्ट ज्या बाजूला गेले होते तिकडचीच. पुढे कित्येक दिवस बाईंनी नवरा जिवंत आहे की नाही हे न कळता काढले. १८२७ मध्ये भाषा पक्की करण्यासाठी रॉबर्ट कलाहारीच्या कडेला बारोलाँग लोकांत जाऊन राहिले. घरात इंग्रजी आणि डच बोलत राहिल्याने त्स्वानांची सेत्स्वाना भाषा जिभेवर बसत नाही, हे त्यांना उमगलं होतं. ते खरंच; पण मागे मुलं, नोकर, गुरं आणि शाळा बाईंनी सांभाळली म्हणून ही चैन परवडली.

ठाणं एव्हाना झऱ्याच्या जवळ हललं होतं. थोडेसे मणी देऊन मोथिबीकडून जमीन घेतली आणि १८२६ मध्ये दगडी घर उभं राहिलं. ते आजही आहे. पाटाच्या पाण्यावर गहू, द्राक्षं, अंजिरं, बदाम वाढले. घरकामाला खोईखोई आणि त्स्वाना मुली असत. बाईंच्या पत्रांत त्यांच्याबद्दल तक्रारी बऱ्याच आहेत, नावं क्वचित. सुरुवातीच्या पत्रातली ती जमीन सारवणारे हातही त्यांचेच असावेत. सारा रोबी हे त्यातल्या त्यात ठळक नाव. तान्हेपणी जिवंत पुरलेली सापडलेली ही मुलगी मोफाटांच्या घरात वाढली.

आठ-नऊ वर्षं झाली तरी बाप्तिस्म्याला कोणी तयार नाही. लंडनला पैसे फुकट चालल्याची कुरकुर. अशा वेळी शेफील्डच्या एका मैत्रिणीने विचारलं, तुला काय पाठवू? बाईंनी मागितली प्रभुभोजनाची भांडी. भोजनाला बसणारा एकही माणूस नव्हता! १८२९ मध्ये अखेर काही जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, कित्येक महिन्यांचा प्रवास करून, भांड्यांची पेटी कुरुमानला येऊन पडली. भाविकांना यात दैवी खूण दिसली. मला दिसतो तो बाईंचा हट्ट.

त्यानंतर शिवणवर्ग सुरू झाला. नव्या ख्रिस्ती मंडळींना कपडे हवे होते आणि बेतणं कोणालाच येत नव्हतं. ज्या हातांना कातडं शिवायची सवय, त्यांत बारीक सुई टिकेना. तऱ्हेतऱ्हेचे पोशाख उपासनेला येऊ लागले: कोणाच्या बंडीला एकच बाही, कारण कापड तेवढंच होतं; कोणाच्या दोन बाह्या दोन रंगांच्या. घरोघर मेणबत्त्या दिसू लागल्या. पूर्वी अंगाला लावायची चरबी आता साच्यात ओतली जाऊ लागली, आणि वातीसाठी चिंध्यांना भाव आला. मोफाट यात प्रगती बघतात. मिशनरींच्या मागोमाग कापडाचे व्यापारीही कुरुमानला आले, हेही त्याच वर्षांतलं.

सेत्स्वानातलं लूककृत शुभवर्तमान १८३० मध्ये केपटाउनला छापलं गेलं. सरकारी छापखान्यात खिळे जुळवणारं कोणी मोकळं नव्हतं म्हणून रॉबर्ट ते काम स्वतः शिकले, आणि १८३१ मध्ये लोखंडी हातछपाईयंत्र बैलगाडीत घालून घरी आणलं. कोरा कागद आत जातो आणि क्षणात अक्षरांनी भरून बाहेर येतो, हे पाहून गाव चक्रावलं. एकाने छापलेला ताव पळवत नेऊन सगळ्यांना दाखवला. पूर्ण बायबल १८५७ मध्ये याच यंत्रावर छापून झालं. तीनशेहून अधिक किलोमीटरवरून ओढून आणलेल्या तुळयांचं दगडी प्रार्थनामंदिर त्याआधी, १८३८ मध्ये, उभं राहिलं होतं.

बाईंना दहा मुलं झाली. त्यातली तीन लहानपणीच गेली. मोठ्या मुलींना शिकवायला जवळ शाळा नाही, म्हणून १८३० मध्ये मेरी आणि अ‍ॅन यांना कित्येक आठवड्यांच्या वाटेवर, सेलमच्या शाळेत ठेवून यावं लागलं. मेरी तेव्हा नऊ वर्षांची. १८३९ मध्ये कुटुंब इंग्लंडला निघालं तेव्हा जहाज बंदरातून सुटण्याआधीच धाकटी बेसी जन्मली, आणि तीन दिवसांनी सहा वर्षांचा जेम्स त्याच जहाजावर आजारात वारला. बाई अजून बाळंतिणीच्या बिछान्यात होत्या. त्या इंग्लंडवारीत रॉबर्टचं पुस्तक निघालं, १८४२ मध्ये. सभा गाजल्या. १८४३ च्या अखेरीस कुटुंब परत कुरुमानला.

घरी एक तरुण डॉक्टर येऊन गेलेला होता: डेव्हिड लिव्हिंगस्टन. १८४४ मध्ये माबोत्साला सिंहाने त्याचा खांदा चावला आणि बरा होण्यासाठी तो मोफाटांकडे आला. बागेतल्या बदामाच्या झाडाखाली त्याने थोरल्या लेकीला, मेरीला, लग्नाचं विचारलं, आणि १८४५ च्या जानेवारीत कुरुमानच्या प्रार्थनामंदिरात लग्न झालं. मेरी कुरुमानच्या बालशाळेत शिकवत होती. सेत्स्वाना तिला मायबोलीसारखी येई. जावयाला ठाऊक होतं की नव्या ठाण्यावर संसार कसा मांडायचा ते हिला उपजत येतं.

कोलोबेंगच्या त्यांच्या घरचा दिनक्रम लिव्हिंगस्टनने लिहून ठेवला आहे. पहाटे उठणं, घरची प्रार्थना, सहा-सातच्या सुमारास न्याहारी, अकरापर्यंत बायका-पुरुष-मुलं सगळ्यांची शाळा. नंतर तो लोहारकाम, सुतारकाम, बागकाम करी, ती घरातलं. पीठ दळण्यापासून सुरुवात. वारुळ पोखरून त्यात विस्तव करायचा, आतली जागा तापली की निखारे काढून पाव ठेवायचा आणि तोंड बंद करायचं. लोणी बरणीत घुसळून काढायचं. मेणबत्त्या घरी ओतायच्या. साबणासाठी एका झुडपाची राख मिळवायची. दुपारी जेवणानंतर तासभर विसावा, आणि मग मेरीची शंभरेक पोरांची शाळा, नाहीतर मुलींचा शिवणवर्ग. पावसाने पाठ फिरवली त्या वर्षांत जेवणात टोळ आणि मोठाले बेडूकही असत. मुलांना बेडूक आवडे.

हे वर्णन वाचताना वाटतं की असंच चालू राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण नवऱ्याला उत्तरेच्या नद्या खुणावत होत्या. १८५० मध्ये न्गामी सरोवरापर्यंतचा प्रवास झाला, तोही गरोदर मेरीला आणि मुलांना घेऊन. परतल्यावर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. पुढच्या वर्षी मेरी पुन्हा गरोदर असताना पुन्हा तोच बेत. मोफाटबाईंनी जावयाला पत्र लिहिलं. असं पत्र एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कागदांत दुर्मीळच. एक बाळ गेलं, बाकीची मरता मरता वाचली, तरी तू पुन्हा नेणार? शोधमोहिमेत गरोदर बाई आणि तान्ही पोरं, लोक काय म्हणतील? सासूबाईंनी एकही शब्द गिळलेला नाही. जावयाने ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून घेतलं, आणि निघाला. सप्टेंबरमध्ये झोउगा नदीकाठी मूल जन्मलं. १८५२ मध्ये मेरीला चार मुलांसह इंग्लंडच्या जहाजावर बसवून दिलं. त्याच वर्षी बोअर लोकांनी कोलोबेंगचं घर लुटलं. मेरी १८६२ च्या एप्रिलमध्ये झांबेझीकाठी शुपांगाला तापाने गेली. त्याच वर्षी मोफाटांचा थोरला मुलगा रॉबर्टही वारला.

लिव्हिंगस्टनची वाट पुढे मुंबईला येऊन गेली. १८६४ मध्ये तो आपली छोटी आगबोट हाकत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून मुंबई बंदरात आला. सोबतच्या चुमा आणि वेकातानी या पोरांना त्याने जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. शेवटच्या सफरीसाठी त्याने नाशिकच्या शरणपूरहून, गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांच्या आश्रमातून, काही तरुण निवडले. तिथेच वाढलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये त्याचं शव घेऊन लंडनला गेला.

मोफाट पतिपत्नी १८७० च्या मार्चमध्ये कुरुमान सोडून निघाली. निरोप द्यायला गाड्यांमागून गाव चालत होतं. इंग्लंडमध्ये बाई जेमतेम काही महिने जगल्या. १८७१ च्या जानेवारीत गेल्या. रॉबर्ट १८८३ पर्यंत होते, आणि शेवटच्या वर्षांत त्यांचे सत्कार पुष्कळ झाले. मुलगा जॉन स्मिथ मोफाट स्वतः मिशनरी झाला होता. त्याने आईवडिलांचं चरित्र १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. बाईंची घरगुती पत्रं त्यात त्याने भरपूर छापली, आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावं घातली.